दशांश चिन्हापुढचं सत्य

मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात मी संख्याशास्त्र शिकवते. एमडी, एमएस करणाऱ्या मुलामुलींचे थिसिस माझ्या टेबलावरून पुढे जातात. आधी मास्टर चार्ट, मग एक्सेल शीट, मग एसपीएसएस या सॉफ्टवेअरचं आउटपुट. थिसिस जमा करायचे दिवस आले की दारात कुणी ना कुणी उभं असतंच, आणि एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, "मॅडम, पी झिरो आली!" फार आनंदानं सांगतात. हातातल्या कागदावर 'सिग'च्या रकान्यात .००० छापलेलं असतं आणि थिसिसमध्ये ते 'पी = ०.०००' असं जाऊन बसतं.

हे विधान मला असत्य वाटतं. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. दोन उपचारांत खरं म्हणजे काहीच फरक नाही असं धरून चाललं, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते पी सांगते. ती शून्य आहे असं लिहिलं की असं घडणं अशक्य आहे असं आपण लिहून दिलं. शंभर वेळा उडवलेलं नाणं शंभरही वेळा छापा दाखवील, हे कल्पनेपलीकडचं दुर्मिळ आहे, पण अशक्य नाही. पन्नास-साठ रुग्ण तपासून आपण अशक्य हा शब्द उच्चारावा, एवढा अधिकार आपल्याला कुणी दिला? सॉफ्टवेअरनं तर तसं म्हटलेलंच नसतं. त्यानं तीन स्थळं दाखवायची ठरवलेली असतात आणि त्या तिन्ही जागी शून्य आलं, एवढंच त्याचं म्हणणं. त्या घरावर दोनदा डबल क्लिक केलं तर आत दडलेला आकडा बाहेर येतो. एसपीएसएसच्या अलीकडच्या आवृत्त्या आता '.००१ पेक्षा कमी' असं छापतात, हे मला फार बरं वाटलं. आर नावाचं सॉफ्टवेअर ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी घडवलं, रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी. ते अशा जागी '२.२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात, त्याहून कमी' असं सांगतं. १ आणि त्याच्या लगेच पुढची जी संख्या संगणकाला वेगळी ओळखता येते, त्या दोहोंतलं अंतर तेवढं आहे. म्हणजे यंत्र आपल्या नजरेची हद्द सांगून तिथे थांबतं.

ही झाली कमी सांगण्यातून येणारी असत्यता. उलट्या बाजूची मला जास्त छळते, कारण ती हुशारीसारखी दिसते.

गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवरचा एखादा थिसिस घ्या. सरासरी १०.४३७५, एसडी (प्रमाण विचलन) १.२८३४७. दिलेल्या आकड्यांत जेवढी स्थळं असतील त्याहून दोन जास्त सरासरीत आणि तीन जास्त एसडीत दाखवायची, अशी एसपीएसएसची रीत आहे. मोजणारानं काही न सांगता आकडे भरले की मूळची दोन स्थळं असतात, म्हणून पुढे चार आणि पाच होतात. आता हे हिमोग्लोबिन मोजलं कसं? सालीच्या पद्धतीनं असेल तर काचेच्या नळीत आम्ल, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एक लॅब टेक्निशियन म्हणतो "जुळला", दुसरा म्हणतो "अजून दोन थेंब घाला." नळीवर दोन रेषांच्या मध्ये पाण्याची कड आली की डोळ्यांनीच अंदाज करायचा. त्या डोळ्यांना पहिलं दशांश स्थळही धड दिसत नव्हतं. आणि कागदावर १०.४३७५! शेवटचे ते तीन अंक कुणी पाहिले? कुणीच नाही. भागाकारातून उगवले आणि पाहिल्यासारखे छापले गेले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी थर्मामीटरचं उदाहरण देते. शरीराचं नेहमीचं तापमान ९८.६ हे घराघरांत पाठ आहे. ९८.६ ओलांडलं की आया काळजीत पडतात. हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरच्या कामातून आला. १८६८ साली त्यांचं पुस्तक निघालं. तिथे ते होतं ३७ अंश सेल्सियस, एक गोळाबेरीज संख्या, निरोगी माणसांतल्या चढउतारांच्या मधोमध कुठेतरी धरलेली. फॅरनहाइटमध्ये बदलताना सूत्रातून ९८.६ निघालं, आणि जगाला वाटलं की कुणीतरी एका अंशाच्या दहाव्या भागापर्यंत निसर्गाचा नियम मोजला आहे. त्या '.६' मध्ये मोजमाप काहीच नाही, नुसती भाषांतराची बाकी आहे. एव्हरेस्टबद्दल तर याहून बोलकी गोष्ट सांगितली जाते. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. तिची आकडेमोड राधानाथ सिकदारांनी केली होती. सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण ती लोकांना अंदाजानं ठोकलेली वाटेल म्हणून वरचे दोन फूट घातले, असं म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकून राहिली, कारण माणसाची एक खोड तिच्यात अचूक पकडली आहे. ओबडधोबड आकड्यावर आपला विश्वास बसतो, गुळगुळीत आकड्याचा संशय येतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे योगसूत्रांचं वाचन चालतं. आम्ही चार-सहा जण असतो. दुसऱ्या पादातलं यमांचं सूत्र चाललं होतं आणि व्यासभाष्यातलं सत्याचं विवेचन आलं. भाष्यकार म्हणतात त्याचा आशय असा : जसं पाहिलं, जसं अनुमानलं, जसं ऐकलं, तसंच मनात असावं आणि तसंच वाणीत यावं. आपलं जाणणं दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी आपण बोलतो. ते बोलणं फसवणारं नसावं, चुकलेलं नसावं, आणि ऐकणाराला काहीच बोध होऊ नये असंही नसावं. शिवाय ते सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी असावं. त्यातून कुणाचा घात होत असेल तर दिसायला पुण्य असलं तरी ते पापच.

ऐकता ऐकता माझं मन थिसिसांवर गेलं. निष्फळ बोलणंही सत्यात बसत नाही, हे किती मोठं म्हणणं आहे! खरं बोललो की सुटलो, असं भाष्यकार मानत नाहीत. समोरच्याला ते कळलं पाहिजे. पानभर सात-सात दशांशांची सारणी देणारा माणूस एका अर्थी काहीच चूक सांगत नसतो, पण वाचणाराच्या हाती काही लागत नाही. मात्र एक गोष्ट मला अडली, आणि मी विचारलं, "गुरुजी, मनात जे आहे तेच वाणीत यावं म्हणता. मग संगणकाच्या पोटात सोळा अंक आहेत, आणि मी दाखवते एकच. हे सत्याला सोडून नाही का?"

संगणकाचा आणि त्यांचा संबंध वीजबिल भरण्यापुरता. थोडं थांबून ते म्हणाले, "ताई, भाष्यात पहिली अट पाहण्याची आहे. ते सोळा अंक पाहिले कुणी? तुम्ही पाहिले, की यंत्राला सापडले?"

माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथेच उलगडला. संगणक आपल्या नेहमीच्या पद्धतीनं प्रत्येक संख्या ५३ बिटांच्या अचूकतेनं साठवतो. त्यातून पंधरा-सोळा सार्थ अंक मिळतात. ती त्याची जागा आहे, आपलं ज्ञान नव्हे. हिमोग्लोबिन पाहिलं ते टेक्निशियननं, काचेच्या नळीत, खिडकीच्या उजेडात. वाणीला बांधून ठेवायचं आहे ते त्या पाहण्याशी. आर सात सार्थ अंक छापतं, कारण तिथे 'डिजिट्स' नावाची एक सेटिंग मूळची ७ वर आहे. ती एकावरही आणता येते आणि बावीसवरही नेता येते. सात हा आकडा सॉफ्टवेअर लिहिणारांनी सोयीनं ठरवला. नळीचं काय होतं, ते त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते आपल्याला माहीत असतं. म्हणून दशांश ठरवण्याची जबाबदारी आपली, आणि ती मूळच्या सेटिंगवर टाकून देणं म्हणजे साक्ष द्यायला उभं राहून दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून दाखवणं.

इथे एक पथ्य मात्र कडक आहे. अंक कमी करायचे ते बोलताना, विचार करताना नव्हे. १९६१ साली एमआयटीत एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचा एक खेळ मांडत होते. एक गणित मधूनच पुन्हा चालवावं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा टंकला, ०.५०६. यंत्राच्या आत होता ०.५०६१२७. कागदावर जागा वाचावी म्हणून तीनच स्थळं छापली जात होती. लोरेन्झ कॉफी घेऊन परतले तेव्हा नवं हवामान जुन्यापासून इतकं दूर गेलं होतं की दोघांत काही साम्यच उरलं नव्हतं. अराजकाच्या शास्त्राची सुरुवात म्हणून ही घटना सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तीन अंकी कागद खोटा नव्हता. वाचणारासाठी तो पुरेसा होता. घोटाळा झाला तो वाचण्यासाठी छापलेलं परत गणितात घातल्यामुळे. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारात तेच रोज घडत होतं. १९८२ मध्ये त्यांनी १००० पासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो काढायचा आणि तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकायचं, असा प्रोग्रॅम होता. दरवेळी कणभर खाली, दिवसाला हजारो वेळा. १९८३ च्या नोव्हेंबरात तो ५२४ च्या आसपास आला होता. हिशोब दुरुस्त केल्यावर कळलं की तो खरा १०९८ आहे. कापणं नेहमी एकाच बाजूला झुकतं. आपल्या शाळेतला 'पाच आला की वर' हा नियमही थोडा झुकतोच, म्हणून आर नेमकं अर्ध्यावर आलेल्या संख्येला जवळच्या सम अंकाकडे नेतं : २.५ चे २, ३.५ चे ४. मुलांना हे चुकीचं वाटतं. मला त्यातला निःपक्षपातीपणा आवडतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहायला बसले तो सांगते. आमच्या एका रेसिडेंटचा थिसिस पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या अंगणवाड्यांमधल्या मुलांवर होता. वजन, लांबी, त्यावरून झेड स्कोअर, म्हणजे त्या लांबीच्या निरोगी मुलांच्या मध्यापासून मूल किती एसडी दूर आहे तो आकडा. उणे तीनच्या खाली असलेलं मूल तीव्र कुपोषित, सॅम. उणे तीन ते उणे दोनच्या मधलं मध्यम कुपोषित, मॅम. सॅमच्या यादीत नाव आलं की मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करतात, गरज पडली तर एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात नेतात. जादा आहार मिळतो, औषध मिळतं. रेसिडेंटनं यादी छापून आणली होती आणि लाल पेनानं सॅमच्या मुलांना गोल केले होते. दोन ओळींवर माझी नजर थांबली. दोघंही मुलगे, दोघांपुढे −३.० लिहिलेलं, दोघांनाही गोल नाही.

"यांचं काय?" मी विचारलं.

"मॅडम, उणे तीनच्या खाली पाहिजे ना? हे बरोबर उणे तीन आहेत."

"दोन दशांश का नाही ठेवलेस?"

"टेबल पानावर बसत नव्हता, मॅडम. म्हणून व्हेरिएबल व्ह्यूमध्ये एकच ठेवला."

आम्ही फाइल उघडून त्या रकान्याचे दशांश दोन केले. एक मुलगा −३.०४, दुसरा −२.९६. पहिला सॅम होता आणि त्याला गोल नव्हता. फाइलच्या आत तो सुरक्षित होता. संगणकाला विचारलं असतं तर त्यानं त्याला बरोबर निवडलं असतं. पानाच्या समासात जागा नव्हती म्हणून तो यादीतून गळला होता.

लगेच दोन दशांश ठेवले आणि प्रश्न मिटला, असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते वजन कसं घेतलं होतं? झोळीत बसवून टांगत्या स्प्रिंगच्या काट्यावर, ज्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेषा असतात. मूल रडत असतं, पाय झाडत असतं, काटा हलत असतो. सत्तर सेंटिमीटर लांबीच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे दोन आणि उणे तीन यांच्यातलं अंतर सुमारे सहाशे ग्रॅम आहे. म्हणजे −३.०४ आणि −२.९६ यांच्यातला फरक पन्नास ग्रॅमही भरत नाही. काट्याच्या एका रेषेच्या निम्मा. जे पाहिलंच नाही ते बोलू नये, या कसोटीवर ही दोन मुलं वेगळी आहेत असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि नियम म्हणतो की एकाला आहार द्या, दुसऱ्याला नको.

भाष्यातल्या शेवटच्या अटीचं वजन मला तेव्हा कळलं. एका दशांशानं सत्य सांगितलं तर एक मूल सुटतं. दोन दशांशांनी सांगितलं तर ते मूल सापडतं, पण न पाहिलेला फरक पाहिल्याचा आव येतो. मी दोन दशांश ठेवायला सांगितले, कारण नियम ज्या बारकाईनं निवाडा करतो तेवढी बारकाई तरी कागदावर दिसलीच पाहिजे. नाहीतर नियमाला जाब विचारता येत नाही. आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे काट्याच्या एका रेषेएवढ्या अंतरात जी मुलं आहेत, त्या सगळ्यांना पुन्हा वजनाला बोलवायला सांगितलं. −३.०४ चा मुलगा आला. −२.९६ च्या घरचे तोवर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले होते. सेविकाताईंनी त्याचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवलं.

रेषेला रुंदी असते की नसते, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात रोजचे माणशी २२५० उष्मांक हा आधार धरला होता. जगाच्या अन्न आणि शेती संघटनेत काम केलेले पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली की शरीराची गरज माणसागणिक आणि एकाच माणसात दिवसागणिक हलत असते. सरासरीखाली गेलेला प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही, त्या हलण्याची मोकळीक सोडली पाहिजे. ती मोकळीक सोडली की उपाशी माणसांची संख्या झपाट्यानं खाली येते, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. संख्याशास्त्री म्हणून मला सुखात्म्यांचं मूळ म्हणणं पटतं : रेषेला रुंदी आहे. पण त्या रुंदीतल्या माणसांना कुठल्या बाजूला धरायचं, याचं उत्तर संख्याशास्त्र देत नाही. ते धर्मानं द्यायचं आहे. ज्याचं चुकून नुकसान झालं तर भरून येणार नाही, त्याच्या बाजूला ते द्यावं, असं माझं मत आहे. त्या दोन मुलांच्या बाबतीत यात मला तिळमात्र शंका नाही.

आपण जे सांगतो ते किती जवळचं आहे, हे त्याच वाक्यात सांगून टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला. म्हणजे ३.१४१६. आणि तो जवळपासचा आहे, असं त्याच श्लोकात नोंदवलं. हजारेक वर्षांनी केरळातल्या नीलकंठ सोमयाजींनी त्यावर लिहिलं की ज्या मापानं व्यास निःशेष मोजला जातो त्या मापानं परीघ मोजायला गेलं की काहीतरी उरतंच. माप कितीही लहान करा, बाकी लहान होईल, संपणार नाही. आजच्या संगणकात साधा ०.१ सुद्धा पुरता मावत नाही. वीस स्थळं मागितली तर ०.१००००००००००००००००५५५ असं काहीतरी बाहेर येतं. आर्यभटाचा 'जवळपासचा' हा एक शब्द आपल्या सारण्यांखाली आज कुठे दिसत नाही, याचं मला दुःख आहे. छापायला त्याला एका ओळीहून कमी जागा लागते.

म्हणून माझ्या रेसिडेंटना, त्यांच्या गाईडना, आणि आकडे छापून दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहा : वजनकाट्याची सर्वांत लहान रेषा कितीची होती, आणि म्हणून सरासरीला किती दशांश ठेवले. सगळी आकडेमोड पूर्ण अंकांवर होऊ द्या आणि अंक उतरवायचे ते शेवटच्या सारणीत. जिथे आकड्यावरून कुणाला औषध, आहार किंवा खाट मिळणार आहे, तिथे छापील कागदावरून गोल करू नका, फाइल उघडा. आणि रेषेजवळची नावं एका वेगळ्या यादीत ठेवा, ती यादी अंगणवाडीत पोचवा, आणि त्या मुलांचं वजन परत घ्या.